थायलंडमध्ये छोटं रेस्टॉरंट: वर्क परमिट, थाई कामगारांचं प्रमाण आणि भागीदारी

गवतीचहा

पट्टायामध्ये ४०-४५ खुर्च्यांचं शाकाहारी रेस्टॉरंट काढायचा विचार पक्का होत आलाय. आम्ही दोघे भारतीय भागीदार, शिवाय एक आचारी इकडून न्यायचा. थाई भागीदार म्हणून ओळखीतले एक गृहस्थ तयार आहेत. तिथल्या एजंटचं म्हणणं थोडक्यात असं:

तीन परदेशी माणसं म्हणजे कंपनीचं भांडवल ६० लाख बाथ आणि १२ थाई कामगार. भांडवल 'फक्त कागदावर' दाखवता येतं. कामगार कमी पडले तर तो आपली माणसं 'नावाला' लावून देतो. ५१ टक्के थाई शेअरसाठीही त्याच्याकडे माणसं आहेत.

माझे प्रश्न:
- १२ माणसं खरंच पहिल्या दिवसापासून लागतात का? ४५ खुर्च्यांना सात-आठ जण पुरतात.
- मालकानं स्वतः गल्ल्यावर बसलेलं चालतं का?
- आचारी आधी पर्यटक म्हणून येऊन महिनाभर स्वयंपाकघर लावून देऊ शकतो का? परमिट मागाहून.
- बायको सोबत येणार आहे. तिनं हिशेब बघितला तर?

एजंटविषयी मत नको, नियम काय आहेत ते हवंय.

खातेवही

आधी एक गुंता सोडवू. 'वर्क परमिटचे नियम' म्हणून जे एका दमात सांगितलं जातं, ते प्रत्यक्षात तीन वेगळ्या कार्यालयांचे तीन वेगळे नियम आहेत. कंपनी कोणाच्या मालकीची हे वाणिज्य मंत्रालयाचं व्यवसाय विकास खातं बघतं. तुम्ही तिथे कोणतं काम करता हे कामगार मंत्रालयाचा रोजगार विभाग बघतो. तुम्ही तिथे किती दिवस राहता हे इमिग्रेशन बघतं. एकाकडे पास झालात म्हणून दुसरा सोडत नाही, आणि एजंट बहुतेक वेळा पहिल्या दोघांपुरतंच बोलतो.

मालकीपासून सुरू करतो, कारण तुम्ही न विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न तिथेच आहे.

१९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात तीन याद्या आहेत. खाद्यपेय विक्री तिसऱ्या यादीत येते. ज्या कंपनीत अर्धे किंवा त्याहून जास्त शेअर परदेशी लोकांचे, ती 'परदेशी' कंपनी, आणि तिला या धंद्यासाठी वेगळा परवाना लागतो. परवान्यासाठी किमान भांडवल ३० लाख बाथ. पण खरी अडचण भांडवलाची नाही. थाई माणूस जे सहज करू शकतो त्या धंद्यासाठी हा परवाना मिळवणं फार कठीण, त्यामुळे छोट्या रेस्टॉरंटनं त्या वाटेला न जाणंच बरं. अमेरिकन नागरिकांना जुन्या मैत्री कराराची सवलत आहे, भारतीयांना नाही. बीओआय म्हणजे गुंतवणूक मंडळाच्या योजनेत पूर्ण मालकीही मिळते आणि एका परदेशी माणसामागे चार थाई हे प्रमाणही लागू होत नाही, पण त्यांच्या यादीत साधं रेस्टॉरंट बसत नाही.

मग उरतं ४९-५१. २०२३ च्या फेब्रुवारीपासून कंपनीला तीनऐवजी दोन भागधारक पुरतात, म्हणजे माणसं गोळा करायची गरज नाही. पण ५१ टक्के ज्याचे, त्यानं ते पैसे खरोखर भरलेले असले पाहिजेत. भांडवल ४० लाख बाथ धरलं तर थाई भागीदाराचा वाटा २०,४०,००० बाथ होतो. ६० लाख धरलं तर ३०,६०,०००. तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांकडे हे पैसे आहेत का, आणि ते कुठून आले हे बँकेच्या कागदावर दिसतं का? कंपनी नोंदवतानाच थाई भागधारकाची ऐपत दाखवणारे बँकेचे कागद मागतात.

'आम्ही त्यांना कर्जाऊ देतो' हे उत्तर असेल तर तिथेच थांबा. परदेशी माणसाचा पैसा थाई नावावर फिरवणं म्हणजेच नॉमिनी. याच परदेशी व्यवसाय कायद्याच्या कलम ३६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, १ लाख ते १० लाख बाथ दंड किंवा दोन्ही, आणि ही शिक्षा नाव देणाऱ्या थाई माणसालाही आहे. एजंटनं पुरवलेला भागधारक एकाच वेळी अनेक कंपन्यांत ५१ टक्क्यांचा मालक निघतो. तपास सुरू होतो तो बहुधा अशाच नावावरून.

कायदेशीर मार्ग काय आहे? थाई भागीदाराला प्राधान्य शेअर (ज्यांचे हक्क साध्या शेअरपेक्षा वेगळे ठरवता येतात) देऊन त्यांची मतं कमी ठेवता येतात. परदेशी व्यवसाय कायदा भांडवलातला वाटा मोजतो, मतं नाही. पण हे कंपनी स्थापन करतानाच उपनियमांत लिहावं लागतं, एकदा दिलेल्या प्राधान्य शेअरचे हक्क नंतर बदलता येत नाहीत. आणि पैसे त्यानं भरले नसतील तर मतांची कितीही हुशार मांडणी केली तरी नॉमिनी तो नॉमिनीच.

मीठमिरची

कामगारांच्या प्रमाणाबद्दल.

भांडवल: एका परमिटमागे २० लाख बाथ, आणि ते पूर्ण भरलेलं. कंपनी नोंदवताना २५ टक्के भरून काम भागतं, म्हणून लोक 'कागदावर' म्हणतात. परमिटच्या वेळी भरलेला आकडाच बघतात. परदेशी माणूस थाई व्यक्तीशी विवाहित असेल तर त्याच्यासाठी १० लाख. हे पैसे खात्यात अडकवून ठेवायचे नसतात हे मात्र अनेकांना माहीत नसतं. तेच पैसे भाडं, अनामत, स्वयंपाकघर, पगार यावर खर्च करायला मोकळीक आहे. फक्त प्रत्येक खर्चाचं कंपनीच्या नावाचं बिल हवं.

कामगार: एका परदेशी माणसामागे चार थाई, कायम स्वरूपाचे. हा आकडा सगळ्यात काटेकोरपणे मोजतं ते इमिग्रेशन, तेही ९० दिवसांचा बिझनेस व्हिसा वर्षभरासाठी वाढवायला जाल तेव्हा. म्हणजे दार उघडण्याच्या दिवशी १२ जण उभे पाहिजेत असं नाही. पण मोजतात कशावर? सोशल सिक्युरिटीच्या (कामगारांच्या सरकारी सुरक्षा निधीच्या) मासिक भरण्यावर, साधारण गेल्या तीन महिन्यांच्या. ९० दिवसांत मुदतवाढ घ्यायची तर माणसं पहिल्या महिन्यातच नोंदलेली हवीत. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं: दुकानाची सजावट चालू असते, पगार कशाला सुरू करायचा म्हणून नोंदणी लांबवतात आणि व्हिसा संपायला दोन आठवडे उरले की हातात एकाच महिन्याची पावती असते.

मोजणीत काय धरत नाहीत:
- म्यानमार, लाओस, कंबोडियाचे कामगार. भांडी घासायला ते सर्रास असतात, पण चारात नाहीत.
- तासांवर येणारे, सोशल सिक्युरिटीत नाव नसलेले.
- थाई भागीदार स्वतः संचालक असेल तर तो कामगारांत मोजला जाईल असं गृहीत धरू नका.

आता पगार. चोनबुरी प्रांतात, म्हणजे पट्टायालाही, किमान वेतन जानेवारी २०२५ पासून रोज ४०० बाथ. महिन्याच्या पगारावर माणूस ठेवला तर ३० दिवसांचे १२,००० धरा. सोशल सिक्युरिटी कामगाराकडून ५ टक्के, तुमच्याकडून ५ टक्के, आणि २०२६ पासून १७,५०० पर्यंतच्या पगारावर, म्हणजे जास्तीत जास्त ८७५ बाथ. नोकरीला लागल्यापासून ३० दिवसांत नोंदणी, भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

परदेशी माणसाच्या पगारालाही तळ आहे, तो राष्ट्रीयत्वावर ठरतो. भारतीयांसाठी मुदतवाढीला महिना ३५,००० बाथ. हा पगार प्रत्यक्ष द्यायचा, त्यावर कर कापायचा. घाबरण्यासारखं नाही: वर्षाचे ४,२०,०००, त्यातून खर्चाची १ लाखाची वजावट, स्वतःची ६०,०००, आणि पहिल्या दीड लाखाला कर नाही. उरलेल्या १,१०,००० वर ५ टक्के, म्हणजे वर्षाला साडेपाच हजारांच्या आत.

तीन परमिट: १२ × १२,००० + ३ × ३५,००० = २,४९,०००, वर सोशल सिक्युरिटीचे सुमारे ९,८००.
दोन परमिट: ८ × १२,००० + २ × ३५,००० = १,६६,०००, वर सुमारे ६,५५०.

महिन्याला ८६,००० चा फरक, आणि २० लाखांचं भांडवल कमी. ४५ खुर्च्यांना सात-आठ जण लागणारच आहेत असं तुम्हीच म्हणताय. मग एक भागीदार आणि आचारी यांचेच परमिट काढा. दुसऱ्या भागीदारानं नुसते शेअर धरावेत. शेअर असणं आणि अधूनमधून बैठकीला येणं याला परमिट लागत नाही. मात्र त्यानं स्वयंपाकघरात हात घालायचा नाही, ऑर्डर घ्यायची नाही, 'जरा बघतो' म्हणून कामगारांवर देखरेखही करायची नाही.

आठ लागत असतील तर दहा नोंदवा. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, माणसं गावी जातात आणि त्यातली काही परत येत नाहीत. मुदतवाढीच्या महिन्यात सात उरले तर अर्ज तिथेच लटकतो.

दर्याकिनारा

'नावाला' लावलेल्या माणसांबद्दल वरती आलं नाही म्हणून लिहितो. हे दोन ठिकाणी फुटतं. एक, त्या माणसाची सोशल सिक्युरिटी दुसऱ्या मालकाकडेही भरली जात असते आणि नोंद एकाच राष्ट्रीय क्रमांकावर असते. दोन, इमिग्रेशनचे अधिकारी जागेवर येतात. मुदतवाढीच्या अर्जात जागेचे, पाटीचे आणि काम करतानाचे फोटो मागतात आणि ते पडताळायला कोणी आलं तर यादीतली नावं विचारतं. आठातली तिघंच हजर, आणि त्यातल्या एकाला मालकाचं नाव माहीत नाही, अशा वेळी काय सांगणार?

आचारी पर्यटक म्हणून: नाही. पगार दिला की नाही याचा संबंध नाही, स्वयंपाकघर लावून देणं हेच काम. परमिटशिवाय काम करणाऱ्याला ५,००० ते ५०,००० बाथ दंड, देशाबाहेर रवानगी आणि दोन वर्षं नवं परमिट नाही. मालकाला प्रत्येक माणसामागे १०,००० ते १,००,०००. दुसऱ्यांदा सापडला तर मालकाला वर्षापर्यंत कैद किंवा ५०,००० ते २,००,००० दंड आणि तीन वर्षं परदेशी माणूस ठेवायला बंदी. १५ दिवसांच्या 'तातडीच्या कामा'ची सूचना देऊन काम करायची सोय कायद्यात आहे, पण ती बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला आलेल्या तंत्रज्ञासारख्यांसाठी. रोजच्या पोळ्या-भाज्यांना ती लावू नका.

क्रम असा ठेवा:

१. कंपनी नोंदणी, जागेचा करार, व्हॅट नोंदणी. व्हॅटची सक्ती वर्षाच्या १८ लाख बाथ उलाढालीपासून आहे, पण परमिट आणि मुदतवाढीच्या कागदांत ते प्रमाणपत्र मागतात, म्हणून आधीच नोंदवतात. एकदा नोंदवलं की विक्री शून्य असली तरी दर महिन्याला विवरण भरायचं.

२. मालकाच्या, म्हणजे कंपनीच्या, नावानं रोजगार विभागाकडे पूर्वमंजुरी. याला लोक अजूनही डब्ल्यूपी ३ म्हणतात. ऑक्टोबर २०२५ पासून परमिटचं काम ई-वर्क परमिट या ऑनलाइन प्रणालीवर गेलं आहे.

३. ती मंजुरी जोडून भारतातून नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे बिझनेस, व्हिसा. अर्ज थाई ई-व्हिसाच्या संकेतस्थळावर. मुक्काम ९० दिवसांचा मिळतो.

४. तिथे पोहोचल्यावर आरोग्य तपासणी आणि प्रत्यक्ष परमिट. शुल्क अर्जाचे १००, तीन महिन्यांपर्यंत ७५०, सहापर्यंत १,५००, वर्षापर्यंत ३,००० बाथ.

५. ९० दिवस संपण्याआधी इमिग्रेशनकडे वर्षाची मुदतवाढ, १,९०० बाथ. चोनबुरीचं कार्यालय जोमतिएनला आहे.

मधे भारतात चक्कर मारायची असेल तर आधी री-एंट्री परमिट घ्या: एका फेरीचं १,०००, अनेक फेऱ्यांचं ३,८०० बाथ. ते न घेता विमानात बसलात की मुदतवाढ रद्द होते आणि सगळं क्रमांक दोनपासून सुरू. घरमालकानं २४ तासांत टीएम ३० (परदेशी माणूस राहायला आल्याची इमिग्रेशनला सूचना) भरलं आहे ना ते बघा, आणि दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद.

आचाऱ्याचे अनुभवाचे दाखले आधीच्या हॉटेलांच्या लेटरहेडवर, हुद्दा आणि तारखांसकट घ्या. 'चांगला माणूस आहे' छापाचं पत्र उपयोगाचं नाही. परमिटच्या अर्जात 'भारतीय शाकाहारी पदार्थांचा मुख्य आचारी' असं नेमकं लिहा आणि हे काम थाई माणूस का करू शकत नाही ते दोन ओळींत मांडा.

खातेवही

गल्ल्याचा आणि बायकोचा प्रश्न राहिला.

परदेशी लोकांना बंद असलेल्या कामांची यादी २०२० मध्ये नव्यानं आली, एकूण ४० कामं. त्यातली २७ पूर्ण बंद: केस कापणं, थाई मसाज, टूर गाइड, गाडी चालवणं, दलाली, फेरीवाल्याची विक्री, कारकुनी आणि सचिवाचं काम, कायदेशीर सेवा वगैरे. दुकानात समोर उभं राहून विकणं हे वेगळ्या गटात आहे. ते फक्त शेजारी देशांशी झालेल्या करारांतून आलेल्या कामगारांना मोकळं आहे, भारतीयांना नाही.

म्हणून तुमच्या परमिटवर 'व्यवस्थापक' किंवा 'व्यवस्थापकीय संचालक' लिहिलेलं असताना तुम्ही गल्ल्यावर बसून नोटा मोजत असाल तर अधिकाऱ्याच्या लेखी ती दुकानातली विक्री आहे. संध्याकाळी सहा ते दहाच्या गर्दीत हेच होतं: वाढपी कमी पडतो, मालक दोन थाळ्या उचलतो, समोरच्या दुकानदारानं फोटो काढलेला असतो. गल्ल्यावर आणि टेबलांवर थाई माणूस ठेवा. तुम्ही खरेदी, मेनू, माणसांचं वेळापत्रक, रात्रीचा मेळ बघा. आचाऱ्यानं स्वयंपाकघराबाहेर वाढायला येऊ नये.

परमिटवर कामाची जागाही लिहिलेली असते. पुढे दुसरी शाखा काढलीत किंवा माणूस सोडून गेला तर १५ दिवसांत कळवायचं, मालकानंही आणि माणसानंही.

बायको: तुमच्या मुदतवाढीवर तिला कुटुंबीय म्हणून नॉन-ओ व्हिसा मिळेल. त्यावर काम नाही, बिनपगारीही नाही. हिशेब लिहिणं हे तर दोनदा अडतं, कारण कारकुनी काम परदेशी माणसाला बंद आणि कंपनीच्या खात्यांवर सही करणारा लेखापाल नोंदणीकृत थाईच लागतो. तिला परमिट काढायचं झालं तर पुन्हा २० लाख आणि चार माणसं.

लेखापालाचं काम हलक्यात घेऊ नका. पगारावरचा कर ७ तारखेपर्यंत, सोशल सिक्युरिटी आणि व्हॅट १५ पर्यंत (ऑनलाइन भरलं तर करखातं आठ दिवस जास्त देतं). दरवर्षी लेखापरीक्षण सक्तीचं, कंपनी तोट्यात असली तरी. दुसऱ्या वर्षाच्या मुदतवाढीला इमिग्रेशन ताळेबंद मागतं. विक्री रोखीत घेऊन अर्धीच दाखवणाऱ्यांचं दुखणं तिथे बाहेर येतं: कागदावर महिन्याला ६०,००० विक्री आणि पगार १,६६,०००. मग अधिकारी विचारतो, या धंद्याला दोन परदेशी माणसं कशाला हवीत? याला उत्तर नसतं.

गवतीचहा

धन्यवाद. तिसरं परमिट काढायचं नाही हे पटलं. थाई भागीदाराकडे पैसे आहेत, स्वतःची जमीन विकल्याचे, बँकेत आहेत. आता दोन गोष्टी: जागेच्या कागदांत काय बघायचं, आणि आमचा वाटा भारतातून पाठवताना काय करायचं? दोघेही भारतातच राहतो.

मीठमिरची

जागा. करारावर सही करण्याआधी घरमालकाला तीन गोष्टी विचारा: घराच्या नोंदवहीची (ताबियन बान) प्रत देणार का, स्वतःच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत देणार का, आणि 'इथे अमुक कंपनीचं कार्यालय असायला हरकत नाही' असं पत्र देणार का. यातलं एक जरी अडलं तर कंपनीचा पत्ता, व्हॅट, परमिट सगळं अडतं. बरेच घरमालक नाही म्हणतात, कारण कंपनीनं भाडं देताना ५ टक्के कर कापून भरायचा असतो आणि मग त्यांचं भाड्याचं उत्पन्न करखात्याला दिसतं. अनेकदा तोडगा म्हणून तेवढी रक्कम भाड्यात वाढवून मागतात. ते आधीच बोलून घ्या.

तीन वर्षांवरचा करार जमीन कार्यालयात नोंदवला नाही तर तो तीन वर्षांपुरताच धरला जातो. 'तीन अधिक तीन'मधल्या दुसऱ्या तीनवर स्वयंपाकघराचा खर्च बेतू नका.

स्वयंपाकघरासकट एकूण जागा २०० चौरस मीटरच्या आत असेल तर पट्टाया शहर प्रशासनाकडून सूचना दिल्याचं प्रमाणपत्र पुरतं, वर गेली तर पूर्ण परवाना. दारू ठेवणार असाल तर अबकारीचा परवाना वेगळा.

आणि पाटी! कर पाटीच्या भाषेवर आहे. दर ५०० चौरस सेंटिमीटरला नुसती थाई असेल तर ५ बाथ, थाई आणि परदेशी मिसळलेली २६, थाई नसलेली किंवा थाई अक्षरं परदेशी अक्षरांच्या खाली असलेली ५०. तीन मीटर बाय एक मीटरच्या पाटीला वर्षाला अनुक्रमे ३००, १,५६० आणि ३,०००. थाई ओळ सगळ्यात वर घ्या, निम्मे पैसे वाचतात.

रुपयाबारा

भारताकडच्या बाजूचं सांगतो. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

परदेशातल्या, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर घेणं म्हणजे २०२२ च्या नियमांप्रमाणे ओडीआय (परदेशातली थेट गुंतवणूक), मग ते एक टक्का का असेना. निवासी व्यक्तीला हे उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली करता येतं, माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत. तुमचा आकडा त्यात आरामात बसतो: ४० लाखांचे ४९ टक्के म्हणजे १९,६०,००० बाथ, प्रत्येकी ९,८०,०००. कंपनी वित्तीय सेवांतली नसावी, ती अट तुम्हाला लागत नाही.

पैसे पाठवण्याआधी बँकेत फॉर्म एफसी भरायचा. बँक रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घेते आणि मगच पैसे जातात. लोक काय करतात, 'नातेवाइकांना मदत' किंवा 'पर्यटन' असं कारण टाकून मोबाइलवरून पाठवून मोकळे होतात. नंतर शेअर नावावर झाले की त्याचा आणि पाठवलेल्या पैशांचा मेळ बसत नाही. थायलंडच्या बाजूनंही पंचाईत होते, कारण शेअरची रक्कम भागधारकाकडून कंपनीच्या खात्यात आली असं दिसायला हवं. मधल्या मित्राच्या खात्यातून गेलेला पैसा दोन्हीकडे प्रश्न उभे करतो.

आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल केलेला आयकर) बँक कापते. समजा २६ लाख पाठवले, तर १६ लाखांवर ३ लाख २० हजार. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत तुमच्या हातात नसतो. भांडवलाचं नियोजन करताना एवढी रक्कम बाजूला ठेवा. दोघांनी रक्कम ३१ मार्चच्या आधी आणि नंतर अशी विभागली तर १० लाखांची सूट दोनदा मिळते. फक्त थायलंडमध्ये भांडवल पूर्ण भरल्याची तारीख त्यामुळे पुढे जाते, आणि परमिट त्या तारखेला अडकलेलं आहे.

पैसे गेल्यापासून सहा महिन्यांत शेअर प्रमाणपत्र बँकेला द्यायचं. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल बँकेमार्फत. १० टक्क्यांच्या आतल्या, ताबा नसलेल्या भागधारकाला तो माफ आहे, तुमचे साडेचोवीस असल्यानं तुम्हाला नाही. आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, कंपनीनं एक पैसा नफा दिला नसला तरी. तो चुकला तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड लागू शकतो.

पट्टायाला राहायला जाणारा भागीदार पुढे करासाठी अनिवासी ठरेल, आणि फेमाखाली (परकीय चलनाच्या कायद्याखाली) तर नोकरी-धंद्यासाठी देश सोडल्यापासूनच. त्यानं इथली बचत खाती एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या रुपया खात्यांत, बदलून घ्यायची. म्हणून त्याच्या वाट्याचे पैसे आणि फॉर्म एफसी त्यानं विमानात बसण्याआधीच उरका, कारण नंतर रेमिटन्स योजना त्याला लागू राहत नाही.